निळं-सोनेरी लग्न: पैठणीपासून पत्रिकेपर्यंत रंग जुळवायचे कसे

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात तिनं सांगून टाकलं, "ताई, सगळं निळं आणि सोनेरी करू या." मला ते सोपं वाटलं. दोनच तर रंग, त्यातला एक जरीत आणि दागिन्यांत आपोआप येणार. पुढचे चार महिने साडी, पत्रिका, मांडव, फेटे असं करत हिंडले तेव्हा समजलं की प्रत्येक दुकानातला निळा वेगळा असतो आणि सोनेरीचंही तसंच. काही गोष्टी छान जमल्या, काहींत पैसे वाया गेले. तुमच्याकडे असं लग्न ठरलं असेल आणि तुम्ही पहिल्यांदाच यात पडत असाल, तर ज्या क्रमानं मला हे काम करायला हवं होतं त्या क्रमानं सगळं इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा: रंग फोनवर ठरवायचा नाही. हातात कापडाची एक चिंधी असू द्या आणि पुढची सगळी खरेदी तिच्याशी ताडून करा.

सोबत काय ठेवायचं

- साडीच्या ब्लाउजपीसमधून कापलेली दोन-तीन इंचांची चिंधी, पारदर्शक पिशवीत
- घरातला सोन्याचा एखादा साधा दागिना, अंगठी किंवा बांगडी (गर्दीत नेणार असाल तर अंगावरच असू द्या)
- पांढरा सुती रुमाल आणि पाण्याची छोटी बाटली
- भिंतीच्या रंगाच्या दुकानात मिळणारं शेडकार्ड. त्यातल्या छटांना नंबर असतात, फोनवर बोलताना फार उपयोगी पडतं
- घरी तपासायला एक पिवळ्या आणि एक पांढऱ्या उजेडाचा बल्ब
- वही आणि सगळी बिलं. साडीच्या बिलावर काय लिहून घ्यायचं ते तिसऱ्या पायरीत सांगते

१. निळा म्हणजे नेमका कोणता, ते आधी ठरवा

दुकानात "निळी दाखवा" म्हटलं की गादीवर पंधरा साड्या पडतात आणि डोकं चालेनासं होतं. आपल्याकडे निळ्याला नावं भरपूर आहेत, ती वापरा. आकाशी, अस्मानी, फिरोजी, चिंतामणी, मोरपंखी, शाईचा निळा, रॉयल ब्ल्यू, नेव्ही ब्ल्यू. चिंतामणी म्हणजे मोरपंखीच्या अलीकडचा झळाळता निळा, आईच्या पिढीचा लाडका. दोन दुकानांत चिंतामणी मागितला तर दोन छटा समोर येतील, पण निदान बोलणं योग्य गल्लीत तरी सुरू होतं.

सोन्याशेजारी कोणता निळा कसा दिसतो, याबद्दल माझं मत सांगते. आकाशीसारख्या फिकट निळ्यावर जर उठत नाही. दोन्ही उजळ असल्यामुळे काठ आणि अंग एकमेकांत विरघळतात. गडद निळ्यावर जर सगळ्यात खुलते, कारण रंगचक्रात निळा आणि पिवळा-नारिंगी समोरासमोर बसतात आणि गडद-उजळ हा फरक त्यात भर घालतो. मोरपंखी मधला. त्यात हिरव्याची झाक असते आणि मराठी लग्नात तिचा मोठा फायदा होतो. तो पाचव्या पायरीत येईल.

इथे फसगत होते: नेव्ही ब्ल्यू. दुकानातल्या लख्ख उजेडात तो छान निळा दिसतो आणि संध्याकाळी कार्यालयात काळा. आपल्या घरांमध्ये काळी साडी संक्रांतीला नेसतात, लग्नाला नाही. बहिणीच्या साखरपुड्याला मी नेव्ही ब्ल्यू नेसले होते. आत्यानं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अगं, आजच्या दिवशी काळं का नेसलीस?" तिला समजावण्यात अर्धा तास गेला आणि तोवर आणखी चौघींनी तेच विचारलं. घरात वडीलधारी माणसं असतील तर नेव्हीच्या एक पायरी अलीकडे थांबा. शाईचा निळा पुरेसा गडद असतो आणि तो निळाच दिसतो.

आणखी एक. महाराष्ट्रात निळा हा नुसता आवडीचा रंग नाही, तो आंबेडकरी चळवळीचा रंग आहे आणि कितीतरी घरांत त्याच्याशी फार जिव्हाळ्याचं नातं असतं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधू-वर बहुधा पांढऱ्या वस्त्रांत असतात. तिथे पांढरा मुख्य आणि निळा-सोनेरी काठात, शेल्यात, मंचावर असं धरलं की सगळं नीट बसतं. खाली मी आमच्या घरच्या पद्धतीनं लिहिलं आहे, तुम्ही आपल्या घराप्रमाणे बदल करा.

२. सोनेरीची सुरुवात घरातल्या सोन्यापासून करा

निळा आपल्याला बदलता येतो. घरातलं सोनं बदलता येत नाही. म्हणून निळ्याचं नाव मनात ठरलं तरी खरेदीआधी सोनेरी छटा पक्की करायची आणि निळा तिच्याशी जुळवायचा.

आपल्याकडचे दागिने बहुतेक २२ कॅरेटचे, म्हणजे ९१६ शिक्क्याचे असतात. त्यांचा पिवळा उबदार असतो. जुने, आजीकडचे दागिने थोडे लालसर आणि मळकट झळाळीचे दिसतात. बाजारातली जर मात्र तीन-चार छटांत येते: लख्ख पिवळी, हिरवट पिवळी, तांबूस, आणि मुद्दाम मंद केलेली, जिला दुकानदार अँटिक म्हणतात. बांगडी हातात घालून हात सरळ काठावर ठेवा. जर हिरवट पडली तर लगेच कळतं, सोन्याशेजारी ती कच्ची दिसते.

मोत्यांचे दागिने घालणार असाल, तन्मणी, चिंचपेटी, मोत्यांची नथ, तर काम हलकं होतं. मोती निळ्यावर फार सुंदर दिसतात आणि जरीच्या छटेशी भांडत नाहीत. बहिणीनं ठुशी आणि तन्मणी दोन्ही घातलं होतं; फोटोत तन्मणीच आधी नजरेत भरतो. कोल्हापुरी साज, पुतळीमाळ, बोरमाळ असे भरघोस सोन्याचे दागिने असतील तर साडीचं अंग शक्यतो साधं घ्या. दाट बुट्ट्यांच्या सोनेरीवर हे दागिने हरवून जातात.

३. पैठणी घ्यायला जाताना

सगळ्यात जास्त वेळ या कामाला ठेवा. आम्ही आधी पत्रिका छापली आणि मग साडी शोधत बसलो, ते उलटं होतं. पत्रिकेचा निळा शेकडो छटांत मिळतो. विणून तयार असलेल्या पैठणीचा निळा जो आहे तो आहे.

पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचं नाव गोदावरीकाठच्या पैठणवरून आलं असलं तरी आज मागांचा मोठा गजबजाट नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आहे. जमलं तर येवल्याला एकदा जाऊन याच. घराघरात माग आहेत, विणकर कामात असतात, आणि पदर विणला जाताना पाहिला की किंमत एवढी का असते ते न सांगता कळतं. पदराची जमीन जरीची असते आणि तिच्यावर मोर, मुनिया, कमळ, वेली हे सगळं रंगीत रेशमानं हातानं एकेक धागा अडकवत भरलेलं असतं. पदर जितका भरलेला तितके मागावरचे दिवस जास्त.

आता पाहायचं काय:

*पदर उलटा करा.* हातमागावरच्या पैठणीचा पदर मागून जवळजवळ पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागावरच्या, म्हणजे बाजारात जिला सेमी पैठणी म्हणतात तिच्या मागे नक्षीतून नक्षीकडे जाणारे लांब सुटे धागे दिसतात किंवा ते कातरल्याच्या खुणा असतात. सेमी पैठणी घेण्यात वाईट काही नाही. मी स्वतः घेतली आणि आनंदानं नेसले. तिची किंमत मात्र सेमीचीच द्यायची, एवढं सांभाळा.

*जर कोणती आहे ते विचारा.* चोख जरीत चांदीची बारीक तार रेशमी धाग्याभोवती गुंडाळून तिच्यावर सोन्याचा मुलामा देतात. टेस्टेड जरीत तांब्याची तार असते. तिसरी जर प्लास्टिकची, म्हणजे पॉलिएस्टरची चकचकीत पट्टी. निळ्याच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. चोख आणि चांगली टेस्टेड जर मऊ चमकते, तिच्याशेजारी निळा खोल वाटतो. प्लास्टिकची जर फ्लॅश पडला की पांढरी भगभगते आणि शेजारचा निळा फोटोत काळवंडतो. दुकानातच फोनचा फ्लॅश लावून काठाचा एक फोटो काढून पाहा.

*धूपछाव तपासा.* ताण्याचा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाण्याचा म्हणजे आडवा दुसऱ्या रंगाचा असेल तर साडी हलली की रंग बदलतो. निळ्यावर हिरवा आडवा धागा आला की मोरपंखी, गुलाबी आला की जांभळट. घडीवर साडी निळी वाटते आणि नेसल्यावर चुणीचुणीतून जांभळी दिसते, असं होऊ शकतं. म्हणून घडी उलगडून, निऱ्या करून, खांद्यावर टाकून पाहा. दुसरी गोष्ट मला शिंपीणबाईंनी सांगितली: धूपछाव कापडाचा ब्लाउज आडवा कापला तर तो साडीपेक्षा वेगळ्या रंगाचा दिसतो. ब्लाउजपीस देताना "साडीच्याच दिशेनं कापा" असं सांगा आणि कापडावर खडूनं बाण काढून द्या.

*दाराशी न्या.* दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. साडी उचलून दाराच्या उजेडात नेऊ द्या म्हणून सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

*बिल.* बिलावर शुद्ध रेशीम, हातमाग की यंत्रमाग, आणि जरीचा प्रकार हे तिन्ही लिहून घ्या. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क अशी लेबलं असतात, ती आहेत का पाहा. एका दुकानात आम्हाला तोंडी "एकदम प्युअर" सांगितलं आणि बिलावर फक्त "साडी १ नग" लिहिलं. आम्ही ती साडी घेतली नाही.

मनातला नेमका निळा तयार मिळाला नाही तर विणून घेता येतो. त्यासाठी लग्नाआधी भरपूर महिने हवेत, आणि रंगवलेल्या रेशमाची लडी आधी डोळ्यांनी पाहून मगच होकार द्यायचा. नऊवारी हवी असेल तर लांबी आधीच सांगा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, सहावारी घेऊन ते भागत नाही.

साडी घेतली की घरी येऊन ब्लाउजपीसच्या कोपऱ्यातून चिंधी कापा. काठाचा थोडा भाग त्यात आला तर उत्तम, म्हणजे निळा आणि सोनेरी दोन्ही एकाच तुकड्यात हाताशी राहतात. इथून पुढे ही चिंधी घेतल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही.

४. दोन उजेडांत पाहिल्याशिवाय काही पक्कं करू नका

चिंधी आणि दागिना टेबलावर ठेवा. आधी खिडकीतल्या उजेडात, मग पांढऱ्या बल्बखाली, मग पिवळ्या बल्बखाली पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण सगळ्या लग्नाचा अंदाज त्यात येतो.

कारण समजून घेतलं तर निर्णय सोपे होतात. पिवळ्या दिव्याच्या उजेडात निळा अंश फार कमी असतो. निळ्या कापडानं परत पाठवायला निळा उजेडच नसला तर ते काळपट दिसणारच. सोन्याचं बरोबर उलट. सोनं निळा उजेड शोषून घेतं आणि लाल-पिवळा परतवतं, म्हणून तर ते पिवळं दिसतं. मंचावर निळे एलईडी सोडले की त्या उजेडात सोनं आणि जर दोन्ही राखेसारखी होतात आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. "थीम निळी आहे" म्हणून डेकोरेटर हौसेनं निळे दिवे लावतो. त्याला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा: निळं कापड चालेल, निळा दिवा नाही. मी हे सांगायला विसरले. वरातीनंतरच्या स्वागत समारंभातले सुरुवातीच्या तासाभराचे फोटो त्यामुळे गेले, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत.

दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. चेहरा, सोनं आणि निळा तिन्ही सांभाळायचे तर ४००० च्या आसपासचा उजेड मला सगळ्यात बरा वाटला. कार्यालयाचे झुंबर-दिवे पिवळेच असतील आणि बदलता येत नसतील, तर निळा एक छटा उजळ निवडा.

२०१५ च्या फेब्रुवारीत एका पोशाखाच्या फोटोवरून जगभर वाद झाला होता, आठवत असेल. कुणाला तो पांढरा-सोनेरी दिसत होता, कुणाला निळा-काळा. प्रत्यक्षात पोशाख निळा-काळाच होता. फोटोतला उजेड कोणता हे प्रत्येकाच्या मेंदूनं आपापलं गृहीत धरलं आणि रंग बदलले. म्हणून काकूंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या साडीच्या फोटोवरून "हो, हाच निळा" असं कधीही कळवू नका.

५. तिसऱ्या रंगाला जागा द्या, आणि हिरव्या चुड्यालाही

निळा आणि सोनेरी, दोन्ही वजनदार रंग. दोन्ही अर्धे-अर्धे वापरले तर डोळ्यांना विसावा मिळत नाही. घर सजवणारे लोक साठ-तीस-दहा असा एक ढोबळ हिशोब वापरतात: एक रंग साठ टक्के, दुसरा तीस, तिसरा दहा. आमच्या बाबतीत साठ टक्के मोतिया, तीस टक्के निळा, दहा टक्के सोनेरी हे प्रमाण सगळ्यात चांगलं दिसलं. साडीवर मात्र निळा साठ टक्के असेल, ते ठीक आहे. प्रमाण संपूर्ण मांडवाचं धरायचं, एका वस्तूचं नाही. पांढराशुभ्र टाळा. जरीशेजारी तो निळसर आणि रुक्ष दिसतो. मोतिया, सायीचा किंवा फिकट श्रीखंडी घ्या.

आता मराठी लग्नाचे आपले रंग आहेत आणि ते कुठल्याही थीमपेक्षा मोठे आहेत. हातात हिरवा चुडा असणार. कपाळी कुंकू असणार. अंतरपाटाच्या वेळी मामाकडची पिवळी अष्टपुत्री असणार. बाहेरच्या पद्धतीच्या थीमचे फोटो पाहून काही मुली हिरव्या बांगड्या लपवायला बघतात, निळ्या-सोनेरी बांगड्यांत एकदोन हिरव्या घालतात. मला ते मनापासून खटकतं. रंगाच्या दृष्टीनंही त्याची गरज नाही, कारण उत्तर पैठणीच्या पदरावरच आहे: मोर. निळा, हिरवा आणि सोनेरी हे तिघं मोरात एकत्र नांदतात. मोरपंखी निळा घेतलात की हिरवा चुडा थीममधलाच होऊन जातो. काचेच्या बांगड्यांचा हिरवाही पोपटी न घेता गडद घ्या, मग तो आणखी जुळतो. अष्टपुत्रीचा पिवळा हळदीसारखा असू द्या, लिंबासारखा नको. मग तो सोन्याच्या घरातला वाटतो. लाल फक्त कुंकवाला आणि अक्षतांना, बाकी कुठे नाही, एवढं आम्ही पाळलं आणि कुंकू फार ठसठशीत दिसलं.

६. पत्रिका

गिरगावातल्या खाडिलकर रोडवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एक दुपार काढा, नमुने हाताळा. मग खालच्या गोष्टी लक्षात ठेवा, कारण या कामात सगळ्यात लहान चुका सगळ्यात जास्त प्रती होऊन परत येतात.

*सोनेरी शाईचा गैरसमज.* साधी चार रंगांची छपाई सायन (आकाशीसारखा निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा यांच्या ठिपक्यांनी होते. त्यातून सोन्याची चमक निघूच शकत नाही. स्क्रीनवर जे झळाळतं ते कागदावर मोहरीच्या रंगाचं किंवा शेणकट तपकिरी येतं. आमच्या पहिल्या पन्नास प्रती अशाच आल्या. खरी चमक हवी तर दोन वाटा: धातूची सोनेरी शाई (पँटोन या छपाईच्या शेडकार्डातले ८७१ ते ८७६ हे नंबर सोनेरी-कांस्य छटांचे आहेत), किंवा फॉइल, म्हणजे तापवलेल्या ठशानं सोनेरी पापुद्रा कागदावर चिकटवणं. फॉइल जास्त चमकतं आणि गडद कागदावरही चालतं. सोनेरी शाई मंद असते आणि गडद कागदात दबून जाते.

*फॉइल आणि देवनागरी.* बारीक रेषा फॉइलमध्ये तुटतात आणि लहान पोकळ्या भरून जातात. इंग्रजी अक्षरं निभावतात, आपल्या अक्षरांचे हाल होतात. क्ष, ज्ञ, श्री यांच्या गाठी बुजतात, अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो, रफाराची कमान गायब होते. फॉइलमध्ये फक्त गणपती, चौकट आणि वधू-वरांची नावं ठेवा, नावंही ठळक आणि मोठ्या अक्षरांत. मुहूर्त, पत्ता, "आमच्या येथे श्री कृपेकरून" हे सगळं साध्या छपाईत.

*निळा जांभळा होऊ नये म्हणून.* छपाईत सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे झाले की निळा जांभळट होतो. दोघांत निदान तीस टक्क्यांचं अंतर ठेवायला सांगा. आमचा शेवटी जमलेला निळा सायन १००, मॅजेंटा ७०, पिवळा १०, काळा ४० असा होता. तुमचा चिंधीप्रमाणे थोडा बदलेल, पण इथून सुरुवात करायला हरकत नाही.

*घडीवरचा पांढरा ओरखडा.* पांढऱ्या जाड कागदावर पूर्ण निळा छापला आणि घडी घातली की घडीवर रंग फुटून आतला पांढरा दिसतो. घडीची पत्रिका असेल तर आरपार निळा असलेला कागदच घ्या आणि त्यावर फॉइल करा. कागद थोडा महाग पडतो, पण निळ्या छपाईचा खर्च वाचतो.

*प्रेसला द्यायची फाइल.* फॉइलचा भाग वेगळ्या थरात, पूर्ण काळ्या रंगात द्यायचा असतो, सोनेरी रंगात नाही. मजकूर कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरं चित्रासारखी होतात आणि फाँट बदलला तरी बिघडत नाहीत. अनेक छापखान्यांत अजून युनिकोडच्या आधीचे फाँट वापरतात आणि तुमचा मजकूर ते पुन्हा टाइप करतात, त्यामुळे छपाईआधीचं प्रूफ घरातल्या दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. चि., चि. सौ. कां., आजोळची नावं, तिथी, वार. रंग चुकला तर लोक विसरतात, मामांचं नाव चुकलं तर नाही.

*फोनवरची पत्रिका.* स्क्रीनवरचा रंग लाल, हिरवा, निळा या क्रमानं तीन आकड्यांत देतात. इथे सोनं म्हणून २५५, २१५, ० हा आकडा बरेच जण टाकतात. तो लिंबासारखा पिवळा दिसतो. २१२, १७५, ५५ हा खऱ्या सोन्याच्या जवळचा आहे. निळ्यासाठी मी १६, ४२, ८७ वापरला. आता वाचनीयतेचं पाहू. हा सोनेरी पांढऱ्यावर लिहिला तर दोघांतला उजळपणाचा फरक जेमतेम २.१ ला १ एवढा भरतो. लहान अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ हवा, असं वेबवरचे सुलभतेचे नियम सांगतात. तोच सोनेरी या निळ्यावर ६.७ ला १ होतो. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना मुहूर्त वाचता यायला हवा, म्हणून सोनेरी अक्षरं कायम निळ्यावर, आणि मोतिया पार्श्वभूमीवर लिहायचं तर निळ्या अक्षरांत.

७. मांडव आणि मंच

निळी फुलं मागू नका. गोकर्ण खरोखर निळी असते, पण दिवसभरात मिटते. बाजारात जी निळी ऑर्किड दिसतात ती रंगवलेली असतात, दमट हवेत हाताला आणि कपड्याला त्यांचा रंग लागू शकतो. फुलांनी सोनेरी सांभाळायचं आणि कापडानं निळा, अशी वाटणी करा. झेंडू आणि पिवळी शेवंती यांच्याइतकं सोनेरी, स्वस्त आणि आपलं दुसरं काही नाही. मधे आंब्याची पानं आली की मोराचा हिरवाही येतो.

डेकोरेटरकडे बहुधा एकच निळं कापड असतं, चमचमीत रॉयल ब्ल्यू साटीन. ते उजेड परतवतं आणि पैठणीचा निळा शेजारी फिका पाडतं. चिंधी घेऊन त्याच्या गोदामात जा, चमक नसलेलं कापड मागा, आणि पसंत पडलेल्या कापडावर चिंधी ठेवून फोटो काढून त्यालाच पाठवून ठेवा. ऐन दिवशी दुसरंच कापड आलं तर बोलायला आधार राहतो. वधूच्या मागचा पडदा मात्र निळा नकोच. निळ्यापुढे निळी साडी विरून जाते. तिथे मोतिया पडदा आणि झेंडूच्या माळा, निळा बाजूच्या खांबांवर.

८. नवरदेव आणि घरची मंडळी

नवरदेवाला मोतिया रेशमी कुर्ता-धोतर, निळं उपरणं किंवा शेला आणि सोनेरी काठाचा फेटा. संपलं. संपूर्ण निळी शेरवानी आणि शेजारी निळी पैठणी असं केलं तर दोघांचे निळे शेजारी येऊन फरक उघडा पडतो.

पाहुण्यांना "निळंच नेसा" असं कळवू नका. प्रत्येकीचा निळा वेगळा येतो आणि कुणाला त्यासाठी खर्च करावा लागतो. घरातल्या सहा-सात जणींना अबोली, डाळिंबी, मोतिया असे रंग सुचवा, म्हणजे वधूचा निळा एकटा उठून दिसेल.

९. रंग सुटणं, आणि नंतरची साठवण

गडद निळं नवं कापड अंगाला घासून रंग सोडू शकतं, विशेषतः अस्तराचं आणि फेट्याचं सुती कापड. पांढरा रुमाल ओला करून आतल्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा घासा. रुमाल निळा झाला तर ते कापड मोतिया कुर्त्याशेजारी जाऊ देऊ नका. अस्तर आधी मिठाच्या पाण्यात भिजवून, धुऊन मगच शिंप्याकडे द्या.

लग्नाच्या दिवशी अत्तर साडी नेसण्याआधी लावा, जरीवर नाही. लग्नानंतर साडी लगेच कपाटात टाकू नका. एक रात्र सावलीत पसरून ठेवा, घाम आणि ओल निघून जाऊ द्या, मग ड्रायक्लीन. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, स्वच्छ धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीच्या रेषेवर रेशीम आणि जर दोन्ही तुटतात. चोख जरीत चांदी असते आणि हवेतल्या गंधकानं ती काळवंडते, त्यामुळे कपाटात रबर किंवा लोकरीशेजारी ती साडी ठेवू नका.

आणि चिंधी टाकून देऊ नका. बिलासोबत त्याच मलमलमध्ये ठेवा. वर्षा-दोन वर्षांनी फॉल बदलायचा असेल, कुठे रफू करायचा असेल किंवा नवा ब्लाउज शिवायचा असेल, तेव्हा सबंध पैठणी घेऊन बाजारात हिंडावं लागत नाही.